विषुवदिनाचा सूर्योदय: एक सकाळ नको, तीन सकाळी ठेवा

प्रश्न असा आलाय की ठाण्यातली सात-आठ हौशी मंडळी आहेत, आकाशदर्शनाची आवड आहे, गेल्या वर्षी २० मार्चला ठरवून विषुवदिनाचा, म्हणजे दिवस-रात्र जवळपास समान असतात त्या दिवसाचा, सूर्योदय बघायला सोसायटीच्या गच्चीवर जमली, सूर्य समोरच्या टॉवरमागून सात वाजून गेल्यावर वर आला, फोटो निघाले, चहा झाला, पण वेगळं काय बघितलं हे कुणालाच सांगता येईना. तर यंदा कुठं जायचं, किती वाजता, काय न्यायचं आणि नक्की बघायचं काय.

मी वीसेक वर्षं हे करतोय, आधी एकटा आणि मग आमच्या नवी मुंबईतल्या गटाबरोबर, त्यामुळे मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. विषुवदिनाचा सूर्योदय दिसायला इतर कुठल्याही सूर्योदयासारखाच असतो. त्या सकाळी आकाशात वेगळं काहीच घडत नाही. ग्रहणासारखा हा बघायचा सोहळा नाही, ही मोजायची गोष्ट आहे, आणि मोजायचं तर एक सकाळ पुरत नाही. त्याच जागेवरून, त्याच डोंगराकडे तोंड करून किमान तीन सकाळी बघा, शक्यतो पाच. १९, २०, २१, २२ मार्च अशा ओळीनं जमल्या तर उत्तमच. तुमचं गेल्या वर्षी चुकलं काहीच नाही, तुलना करायला दुसरी सकाळ नव्हती एवढंच.

कारण बघा कसंय. डिसेंबरात सूर्य आपल्याकडे पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला, म्हणजे क्षितिजावर ५० अंशांचा पट्टा तो वर्षभर ये-जा करतो. हात ताठ पुढं करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते, तर अशा पाच मुठी. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना सूर्य रेंगाळतो, आठवडाभर जवळपास तिथंच उगवतोय असं वाटतं, पण मध्यावर म्हणजे विषुवदिनाच्या आसपास तो सगळ्यात जोरात सरकतो, ठाण्याच्या अक्षांशावर दिवसाला ०.४२ अंश. सूर्याच्या बिंबाची रुंदी अर्ध्या अंशाहून जराशी जास्त. म्हणजे आज जिथं उगवला तिथून उद्या जवळजवळ एक अख्खा सूर्य डावीकडे! हे नुसत्या डोळ्यांना दिसतं, कुठलंही यंत्र लागत नाही, आणि एकदा दिसलं की विसरता येत नाही. पण ते दोन सकाळींच्या मध्ये दिसतं, एका सकाळीत नाही.

तारखेचा घोळही यानंच सुटतो. लोक २० की २१ यावर वाद घालतात. संपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो, एक क्षण असतो, दिवस नव्हे. २०२६ साली मार्चमधला क्षण २० तारखेला रात्री साधारण सव्वाआठला येतो, म्हणजे २० ची सकाळ त्याच्या साडेतेरा तास आधीची आणि २१ ची साडेदहा तास नंतरची, म्हणजे खरं तर २१ ची जवळची. २०२७ ला तो २१ मार्चच्या पहाटे दोनच्या आसपास आहे. आणि २०२६ च्या सप्टेंबरात तर २३ तारखेला पहाटे साडेपाचच्या सुमारास क्षण आणि पाऊण-एक तासात सूर्योदय, असा योग दर वर्षी येत नाही, ती सकाळ मात्र सोडू नका. (गुढीपाडव्याशी याचा थेट संबंध नाही, तो चंद्रावर चालतो, २०२६ ला १९ मार्चला आलाय हा योगायोग. विषुवदिनाला धरून चालणारी दिनदर्शिका म्हणजे आपलं राष्ट्रीय सौर पंचांग, शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं, त्यात १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ ला.)

आता वेळ. मार्चमध्ये ठाणे-नवी मुंबईत सपाट क्षितिजावर सूर्य ६:४२-६:४३ ला दिसतो, सप्टेंबरात ६:२७-६:२८ ला. मग सहा वाजता का नाही, असं दर वेळी कुणीतरी नवीन विचारतंच. घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७३ वर, साडेनऊ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, झाली ३८ मिनिटं. वर सूर्य स्वतःही घड्याळाच्या चालीनं चालत नाही, मार्चमध्ये साडेसात मिनिटं मागं असतो आणि सप्टेंबरात तेवढाच पुढं, म्हणून दोन्ही विषुवदिनांच्या वेळांत पाव तासाचा फरक. आणि दिवस-रात्र समान हे पण तंतोतंत नाही बरं का, विषुवदिनी आपल्याकडे दिवस १२ तासांपेक्षा ६-७ मिनिटांनी मोठा असतो. एक तर आपण बिंबाचा मध्य नाही तर वरची कड दिसली की सूर्योदय म्हणतो, आणि दुसरं म्हणजे क्षितिजाजवळ हवा प्रकाश वाकवते, साधारण ३४ कला (६० कलांचा एक अंश), म्हणजे बिंबाच्या रुंदीपेक्षाही जास्त. जो सूर्य तुम्हाला क्षितिजावर टेकलेला दिसतो तो खरं तर अख्खा क्षितिजाखाली असतो! खरोखर समान दिवस-रात्र हवी असेल तर मार्चच्या १४ तारखेच्या आसपास बघा नाहीतर सप्टेंबरच्या शेवटी.

जागेवर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळं तिथंच बिघडतं.

आपल्याकडे पूर्वेला डोंगर आहेत, त्याला इलाज नाही, आणि लोक त्याला अडचण समजतात. माझं मत उलटं आहे. सपाट क्षितिज या कामाला कुचकामी, कारण सूर्य कुठं उगवला हे नोंदवायला खूणच नसते. डोंगर म्हणजे फुकटची मोजपट्टी. फक्त तो फार जवळ नको. घणसोली-रबाळ्याकडे पारसिकची रांग अगदी उशाशी आहे, दोन किलोमीटरवर दोनशे मीटर उंच डोंगर धरला तर तो पावणेसहा अंश आकाश खातो, सूर्य जवळजवळ २४ मिनिटं उशिरा दिसतो, आणि आपल्या अक्षांशावर तो सरळ वर न चढता उजवीकडे कलत चढतो त्यामुळे डोंगरामागून बाहेर येईपर्यंत दोन अंश दक्षिणेला गेलेला असतो. म्हणजे विषुवदिनी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो म्हणून तुम्ही पूर्वेकडे बघत बसणार आणि तो चार सूर्य उजवीकडून येणार. दर एक अंश उंचीला साधारण सव्वाचार मिनिटं उशीर आणि एक तृतीयांश अंश उजवीकडे, हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमची कायमची जागा खारघर हिल. तिथून पूर्वेला खाली तळोजा-पनवेलचा सखल भाग, पलीकडे पंधरा-वीस किलोमीटरवर डावीकडे मलंगगड आणि चंदेरीचा सुळका, उजवीकडे माथेरानचा लांबलचक सपाट माथा आणि त्याच्या पुढ्यात प्रबळ, आणि बरोबर पूर्व या दोघांच्या मधे पडते. डोंगर एक-दीड अंशाचा, म्हणजे सूर्य ६:४८ च्या आगेमागे. इतकी खाचाखोचांची क्षितिजरेषा मला आपल्या भागात दुसरी माहीत नाही. वर जायला डांबरी रस्ता आहे, सकाळी फिरायला येणारे असतात, पण कधीकधी प्रवेश बंद असतो, पावसाळ्यात तर नक्की, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या.

ठाण्यातून लांब जायचं नसेल तर दोन पर्याय. कोपरीच्या खाडीकिनाऱ्यावरून खाडीपलीकडे कळवा-मुंब्र्याचे डोंगर दिसतात, घणसोलीपेक्षा लांब पडतात, पण मधल्या इमारती दर वर्षी वाढतायत. नाहीतर कोलशेत-बाळकुमकडे कुणाच्या ओळखीनं वरच्या मजल्याची गच्ची मिळाली तर भिवंडी-कल्याणकडचा बराच सपाट पट्टा दिसतो, तिथं डोंगराऐवजी टॉवर, चिमण्या, पाण्याच्या टाक्या यांच्या खुणा घ्या. येऊरचा मोह सगळ्यांना होतो, पण सूर्योदयाआधी अंधारात तिथं जाऊ नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे, वनखात्याचे नियम आहेत. आणि खाडीकाठी तिवरांत उतरू नका. विषुवदिनाजवळच्या अमावस्या-पौर्णिमेला वर्षातलं मोठं उधाण येतं, पाणी कुठवर चढेल याचा अंदाज नवख्याला येत नाही, कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा. मार्चमध्ये खाडीत फ्लेमिंगो असतात, त्यांना लांबूनच बघा.

जागा ठरली की पूर्व कुठं ते आधी काढून ठेवायचं, त्या सकाळी नव्हे. सगळ्यात सोपं म्हणजे मोबाइलवर नकाशा उघडा, उत्तर वर ठेवा, आणि तुमच्या उभं राहायच्या जागेपासून उजवीकडे आडवी सरळ रेषा न्या, ती ज्या डोंगरावर जाईल ती पूर्व. फोनच्या होकायंत्रावर एकट्यावर विसंबू नका. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे फारच कमी आहे, त्याची चिंता नको, पण आजूबाजूचं लोखंड घात करतं. आम्ही एका वर्षी नेरूळला एका गच्चीवर फोन लोखंडी रेलिंगवर टेकवून पूर्व ठरवली, सगळे त्या दिशेला कॅमेरे लावून बसले आणि सूर्य पूर्ण एक मूठ डावीकडून आला, पहिली दोन मिनिटं कुणालाच मिळाली नाहीत. पुण्याहून खास आलेले दोघे होते, फार वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही दोन वेगवेगळ्या पद्धतींनी पूर्व काढल्याशिवाय जात नाही. (आजूबाजूच्या गोष्टी चुंबकाच्या मोजणीत किती घोळ घालतात याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे, मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला न्यावी लागली.)

दुसरी पद्धत रात्रीची आणि मला सगळ्यात आवडणारी. मृगातला बाण सगळे ओळखतात, ओळीतले तीन तारे. त्यातला सगळ्यात उत्तरेकडचा, जो आधी उगवतो, तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळावर, आहे, त्यामुळे तो बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो, वर्षभर, रोज. मार्चच्या विषुवदिनाला तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. सप्टेंबरात रात्री गच्चीवर उभं राहून तो कुठून वर आला ते लक्षात ठेवा, सकाळी सूर्य तिथूनच येणार. हे ज्यांना जमलं त्यांना विषुववृत्त म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

इथं एक गोष्ट सांगतोच. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात यावरूनच गणित मांडलं, की कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत होत्या तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा. आज बघा, कृत्तिका पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला उगवतात, जवळपास जूनच्या सूर्याच्या जागी. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, २५,८०० वर्षांत एक फेरी, ७२ वर्षांत एक अंश, म्हणून वसंतसंपात, म्हणजे मार्चच्या विषुवदिनी सूर्य असतो ती आकाशातली जागा, सरकत सरकत आता मीन राशीत आलाय. त्या मंडळींनी ज्या चिकाटीनं उगवतीची जागा पकडून ठेवली ती तुम्ही तीन सकाळींत थोडीशी अनुभवू शकता, म्हणून मी या तीन सकाळींसाठी इतका आग्रह धरतो.

न्यायचं काय? पाठकोरे मोठे कागद, पेन्सिल, लिहायला पॅड, घड्याळ, लाल कागद लावलेली बॅटरी, पाणी. कॅमेरा दुय्यम. आम्ही सव्वासहाच्या आधी वर पोचतो, तेव्हा डोंगरांमागचं आकाश उजळत असतं आणि डोंगर काळे कापून काढल्यासारखे दिसतात, ती रेष कागदावर उतरवायची हीच वेळ, एकदा सूर्य आला की चकाकीत काही दिसत नाही. प्रत्येकानं स्वतः काढायची, चित्रकला येवो न येवो. आमच्यातले एक काका सुतारकामातला ओळंबा आणतात, दोरी हातात धरून एक डोळा मिटतात आणि दोरी खाचेवर आणून मोठ्यानं सांगतात, "सुळक्यापासून करंगळी आणि अर्धी". करंगळी म्हणजे ताठ हातावर एक अंश. पहिली ठिणगी दिसली की कुणीतरी वेळ ओरडायची, सेकंदासकट, आणि सगळ्यांनी आपापल्या रेषेवर टिंब द्यायचं. उभं राहायची जागा खडूनं दगडावर फुली मारून ठेवा, उद्या दोन पावलं इकडंतिकडं झालं तरी लांबच्या डोंगराला चालतं, पण जवळच्या टॉवरच्या खुणेला अजिबात चालत नाही, तिथं पाऊलभर फरकानं सगळं बिघडतं. मोबाइलनं फोटो घेणार असाल तर तिन्ही दिवस सारखाच झूम ठेवा.

डोळ्यांचं मात्र कडक. धुरकटातून येणारा लाल सूर्य क्षणभर बघवतो म्हणून लोक सैल सोडतात. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून फिल्टरशिवाय सूर्याकडे कधीही बघायचं नाही, लाल असला तरी नाही, आणि फिल्टर पुढच्या भिंगावर हवा, डोळ्याच्या बाजूला नको. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल हे सगळं बंद. मुलं आली असतील तर एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवणं.

मार्चमध्ये धुरकं असतंच, सूर्य कधीकधी डोंगराच्या रेषेवर न दिसता दोन-तीन अंश वर एकदम लाल वाटोळा प्रकटतो. तेव्हा निराश होऊ नका, दिसला तेव्हाची वेळ आणि उंची लिहा, वरच्या हिशोबानं उलटं उजवी-डावी काढता येतं. सप्टेंबरात ढगांचा जुगार, मान्सून मुंबईतून निघायची सरासरी तारीखच ८ ऑक्टोबर, त्यामुळे नव्या गटानं सुरुवात मार्चमध्येच करावी.

आणि सूर्योदय झाला की लगेच उठू नका. एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी रोवा, सावलीच्या टोकाला दर पंधरा मिनिटांनी खडा ठेवा. बाकी वर्षभर ही टोकं वक्र रेषेत पडतात, विषुवदिनी ती सरळ रेषेत पडतात, आणि ती रेष पश्चिम-पूर्व असते. तासाभरात तीन-चार खडे दोरी लावल्यासारखे एका ओळीत आले की मंडळी आपोआप गप्प होतात. कुणी दुपारपर्यंत थांबलं तर मार्चमध्ये पावणेएकच्या सुमारास सगळ्यात आखूड सावली मोजा, मीटरला ३५ सेंटीमीटरच्या जवळ येईल, त्यावरून ठाण्याचा अक्षांश १९ अंशांच्या पुढं निघतो. आपले जुने ज्योतिषी हेच १२ अंगुळांच्या शंकूनं, म्हणजे उभ्या खुंटीनं, करायचे आणि त्या सावलीला पलभा म्हणायचे, आपल्या गावाची पलभा चार अंगुळांहून थोडी जास्त. संध्याकाळी जमत असेल तर वाशीच्या मिनी सी शोअरवर या, खाडीपलीकडे सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, सकाळची रेष संध्याकाळी पुरी होते. ठाण्यातून नको, तिथं येऊरचा डोंगर सूर्य लवकर गिळतो.

किती जण असावेत? आठ ते बारा. त्याहून जास्त झाले की अर्धे गप्पाच मारतात आणि वेळ ओरडलेली ऐकू येत नाही. आकाशातलं बाकी शिकायचं असेल तर खगोल मंडळासारख्या जुन्या संस्थेच्या कार्यक्रमांना, वांगणीच्या आकाशदर्शनाला जरूर जा, पण विषुवदिनाला छोटाच गट बरा.

कागद फेकू नका. तारीख, जागा, वेळ लिहून घडी करून ठेवा आणि तोच कागद २१, २२, २३ सप्टेंबरला परत घेऊन या, तेव्हा सूर्य उलट दिशेनं, डावीकडून उजवीकडे सरकत असतो. आमचा एका मार्चचा कागद आहे, त्यावर चंदेरीच्या उजवीकडच्या एका खाचेत २१ तारखेचं टिंब पडलंय. त्या वर्षी सप्टेंबरात २१ आणि २२ दोन्ही सकाळी ढगात गेल्या, बाराचे आम्ही चौघं उरलो होतो. २३ ला ६:३४ ला ढगाच्या खालून लाल कड दिसली, पुरती चार मिनिटंसुद्धा नाही. काकांनी ओळंबा धरला, मी घडी उलगडली. खाच तीच होती. कागदाच्या त्याच टिंबाशेजारी आम्ही दुसरी तारीख लिहिली.